खाऱ्या विहिरीचा दोर

जत, जि. सांगली
२८ फेब्रुवारी १९९९

प्रिय मर्लिनबाय,

तुझं पत्र काल मिळालं. अकरा दिवस ते एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भज्यांच्या परातीखाली पडून होतं, त्यामुळे अर्धी अक्षरं तेलात गेलीत. हॉटेलवाल्याची चूक नाही, आमची बोअर मारायची गाडीच मधे चार गावं फिरून आली. पण मुद्द्याचं सगळं वाचता आलं. तुझं लग्न ठरलं! २५ एप्रिल, मुलगा सेबॅस्टियन, शाळेत मास्तर. मास्तर का गं? आयुष्यभर शुद्धलेखन तपासेल. असो, आनंद झाला. खरंच झाला.

इथली गंमत सांगतो. आमच्याबरोबर दिनानाथ म्हणून एक पाणाड्या फिरतो. मूळचा मनवेलपाड्याचा, म्हणजे आपल्या विरारचाच. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात चालतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं मारा. परवा नारळ उभा राहिला, आम्ही साडेतीनशे फूट मारलं, नुसती धूळ. रानाचा मालक काठी घेऊन धावला तर हा म्हणतो, "माझं चुकलं नाही, नारळ जुना होता." रात्री त्याच नारळाची चटणी केली, बरी झाली होती.

हां, तर तुझा मुद्दा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जायचं, पहिली घागर नवरीच्या भावांनी काढायची, एका दोराला दोघांनी हात लावून, आणि त्या पाण्याने तुझी अंघोळ. हे मला माहीत आहे गं, मी काय विलायतेत वाढलो? तू म्हणतेस, म्हणून ये, आणि येण्याआधी दादाला माफ कर.

मर्लिन, तुला सगळं आठवतं ना? शहाण्णवच्या गुड फ्रायडेला सगळी आळी देवळात, संध्याकाळी परत येऊन बघतात तर विहिरीवरची मोटर चालू, विहीर तळाला गेलेली, खालून खारं पाणी वर आलेलं आणि ते पाटाने थेट बाबांच्या पानवेलीत. आठ दिवसांत वेली जळाल्या. आणि युजीनदादाने विहिरीच्या काठावर उभं राहून साऱ्या आळीसमोर सांगितलं, "हा एकटा देवळात नव्हता. ह्याने मोटर लावली आणि झोपला." मी नाही म्हणालो, तर म्हणाला, दहावी नापासाच्या शब्दाला कोण विचारतं. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत. जूनमध्ये मी घर सोडलं, डिसेंबरात बाबा गेले. मी केलं असं समजूनच गेले.

मी नव्हतं केलं. आता हे कुणाला सांगू? आणि तू म्हणतेस माफ कर, जसं काही मीठ जरा इकडे दे.

तुझा,
ऑस्कर

*

वसई
९ मार्च १९९९

ऑस्कर,

आठ पानं लिहिलीस, त्यातली पाच नारळाची. मी विचारलं होतं, येणार की नाही. एका अक्षराचं उत्तर होतं.

इथे माझं काय चाललंय ते तुला कळत नाही. आई म्हणते, दोन भाऊ जिवंत असताना चुलतभावाने दोर धरायचा असेल तर बँड सांगू नका, मी दार लावून बसेन. दादा म्हणतो, ज्याला यायचंय त्याला रस्ता माहीत आहे. "ये" असंही म्हणत नाही, "येऊ नको" असंही नाही. मार्गारेटवहिनी दोघांच्या मधे चहा देत फिरते. मला कधी कधी वाटतं, सेबॅस्टियनला सांगावं, चल, रजिस्टरवर सही करून मोकळे होऊ.

परवा उपवासकाळाच्या प्रवचनात फादर म्हणाले, समोरच्याने मागितली तरच माफी द्यायची असं कुठे ठरलंय? ती द्यायची असते, बस्स. मला ते तुझ्यासाठीच वाटलं. दादा पुढच्या बाकावर होता, तो मान हलवत होता. कशाला हलवत होता देव जाणे.

त्या दिवशी कोण कुठे होतं ते आता उकरत बसू नकोस. तीन वर्षं झाली. उकरून बाबा परत येणार आहेत का? तू आमच्या घरात सगळ्यात मोकळ्या मनाचा, तू नाही करणार तर कोण करणार? दादाला एक पत्र लिही. चांगलं लिही. नारळाशिवाय.

मर्लिन

*

जत
१७ मार्च १९९९

श्री. युजीनदादा यास,

तू हे पत्र बघून चकित होशील. होऊ दे. मी आज सकाळी कामावरून दांडी मारली आणि एका बाभळीखाली बसून फार विचार केला. (बाभळीखाली बसू नये, काटे असतात. पण इथे दुसरं झाड नाही.) विचार करून मी ठरवलं आहे की मी तुला माफ करतो.

पूर्ण माफ करतो. तू आळीसमोर मला खोटं पाडलंस ते माफ. दहावी नापास म्हणालास ते माफ, दोन विषयच राहिले होते तरी. बाबांच्या आजारात मला खोलीत जाऊ दिलं नाहीस, "त्यांना त्रास होतो" म्हणालास, तेही माफ. आता एकदा हातात घेतलंच आहे तर मागचंही सगळं काढून टाकतो. तू माझ्या बॅटचा दांडा कुदळीला लावलास ते माफ. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोत माझ्यापुढे येऊन उभा राहिलास ते माफ. ग्रेसीमावशीच्या घरी मी न खाल्लेल्या केकसाठी मार खाल्ला, तो केक तुझ्या पोटात होता, तेही माफ.

तुला माझे पाय धरायची गरज नाही. मर्लिनच्या लग्नाला येईन तेव्हा नेहमीसारखं बोललास तरी चालेल. माझ्या मनात आता काही नाही. फार हलकं वाटतंय.

तुझा धाकटा भाऊ,
ऑस्कर

*

वसई
२४ मार्च १९९९

ऑस्कर यास,

तुझं पत्र दोन ओळी वाचून मी फेकलं. मार्गारेटने उचलून उरलेलं मोठ्याने वाचलं आणि वाचताना हसली, म्हणून तिच्याशीही दोन दिवस अबोला.

तुझ्याकडे माफी मागितली कोणी? तू मला माफ करणारा कोण? मी तुला दोन वर्षांपूर्वीच माफ केलंय. बाबा गेले त्याच आठवड्यात, फादरांसमोर गुडघे टेकून. तू पानवेल जाळलीस ते माफ केलं, बाबांच्या मयताला आला नाहीस ते माफ केलं. कुणाला पत्र लिहून कळवलं नाही, कारण माफ करणं ही पत्र लिहून कळवायची गोष्ट नाही. मी मनात केलं आणि मनात ठेवलं. दर वर्षी गुड फ्रायडेला पुन्हा करावं लागतं, कारण टिकत नाही. ते माझं मी बघतो.

तू देवळात नव्हतास. घरी दुसरं कोणी नव्हतं. मोटर काय पेरूच्या झाडाने चालू केली? एकदा "हो दादा, चुकलं" म्हणाला असतास तर दोन थोबाडीत देऊन विषय संपला असता. तेवढं जमलं नाही आणि आता स्वतःच माफ करत सुटलाय.

विहिरीचं म्हणशील तर आता तिचं पाणी कोणी तोंडात घेत नाही. मर्लिनसाठी नळाचं पाणी आधीच घागरीत भरून विहिरीत सोडायचं आणि तेच वर काढायचं असं ठरवलंय. लोकांना दिसायला दोर दिसला की झालं.

केकबद्दल : अर्धा मी खाल्ला होता. अर्धा मर्लिनने.

युजीन

*

मंगळवेढा
३० मार्च १९९९

मर्लिन,

घे! लिहिलं पत्र! नारळाशिवाय लिहिलं! आणि काय मिळालं? त्याने मला माफ केलंय! मला! न केलेल्या गोष्टीसाठी! दोन वर्षं तो तिकडे गुडघे टेकून मला माफ करतोय आणि मी इकडे बाभळीखाली त्याला. दिनानाथला वाचून दाखवलं तर तो गाडीच्या चाकाला टेकून इतका हसला की नारळ हातातून पडला, आणि पडलेला उभा राहिला, तर रानाचा मालक म्हणतो इथंच मारा. मारलं. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. असो.

आता मी कुठे होतो ते ऐक. कुणालाच कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आणखी हसले असते. मी देवळातच निघालो होतो. काळी पँट, इस्त्रीचा शर्ट. वाटेत खाडीच्या बाजूला लोक दिसले. रेतीची एक बोट ओहोटीला गाळात रुतली होती आणि आठ माणसं ती ढकलत होती. मी म्हटलं, पाच मिनिटं बघू. ते ढकलतात, ती हलत नाही. मग मीही उतरलो. गुडघाभर गाळ. पाच वाजेपर्यंत ढकलत होतो. मग भरती आली आणि ती आपली आपण उठली. आम्हा नऊ जणांचा काही उपयोग झाला नाही. पायावर गाळ घेऊन घरी आलो तर विहिरीवर दादा उभा. माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "हा बघा, पानवेलीच्या वाडीतून आला."

आता कामाचं सांगतो. तीन वर्षं मोटरींत घालवलीत, म्हणून कळतं. आपल्या मोटरला स्टार्टर नव्हता, जुना खटका होता. बाबांना मी दहादा म्हटलं होतं, स्टार्टर बसवू. स्टार्टर असला तर लाइट गेल्यावर मोटर सुटते आणि लाइट आली तरी आपोआप लागत नाही. खटक्याचं तसं नाही. खटका खाली असला की लाइट आली रे आली, मोटर सुरू. आणि त्या दिवशी सकाळी अकराला लाइट गेली होती, मला पक्कं आठवतं, आई इस्त्रीवरून ओरडत होती.

म्हणजे मोटर कोणी चालू केलीच नाही! कुणीतरी लाइट आली का बघायला खटका खाली केला, आली नाही, आणि वर करायचा विसरला. आपण नळ गेल्यावर तोटी उघडी टाकतो तसं. मग सगळे देवळात, आणि दुपारी लाइट आली.

दुसरंही सांगतो. चार तासांच्या उपशाने विहीर कायमची खारी होत नाही. आजूबाजूला टँकर किती भरत होते? ती दोन वर्षांत तशीही गेली असती. पण वेली गेल्या नसत्या, त्या वर्षी तरी नाही. आणि बाबा माझ्याशी बोलले असते.

तेव्हा तू आठवून बघ. तू घरात सगळ्यात शेवटी निघाली होतीस ना, घागर ठेवायला? विहिरीकडे कोण गेलं होतं? दादाच असणार. स्वतः खटका टाकला आणि माझ्यावर ढकललं! मला नाव सांग. आणि हे आधीच लिहून ठेवतो, ज्याने हे केलं आणि तीन वर्षं गप्प बसला, त्याला मी माफ करणार नाही. फादरांना सांग, प्रवचन पुन्हा करा.

ऑस्कर

*

वसई
८ एप्रिल १९९९

ऑस्कर,

मी.

घागर भरायला गेले होते. खटका खाली केला, लाइट नव्हती. आईने हाक मारली, "उशीर होतोय, क्रूसाच्या वाटेची प्रार्थना सुरू होईल." ओढणी पेरूच्या फांदीला अडकली, ती सोडवली आणि पळाले. खटका वर केला की नाही हे देवळात बसल्यावर आठवायला लागलं. पण त्या दिवशी मधून उठून कसं जायचं, सगळे बघतात. आणि लाइट कुठे होती? म्हटलं, राहिला असला तरी काय होतंय.

संध्याकाळी दादा ओरडत होता तेव्हा मी आईच्या मागे उभी होते. म्हटलं, उद्या सांगेन. उद्या बाबा खाटेवरून उठले नाहीत. मग म्हटलं ईस्टर होऊ दे. मग तू गेलास. मग बाबा गेले. ऑस्कर, एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट कठीण होतं, मग चौपट. तुला वाटेल हे बहाणे आहेत. आहेतच.

बाबा जायच्या आधी चार दिवस मी त्यांच्याजवळ एकटी होते. ते म्हणाले, "ऑस्कर आला का?" मी म्हटलं, येईल. तेव्हाही सांगितलं नाही. हे तुला कोणीच सांगणार नाही, कारण माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्यांनी तुझं नाव काढलं होतं.

मला वाटलं, तू दादाला माफ केलंस की सगळंच मिटेल आणि माझं त्यात झाकून जाईल. माझ्यासाठी मागता येत नव्हतं म्हणून त्याच्यासाठी मागितलं.

काल दादाला सांगितलं. तो उठला. दोर घेतला आणि विहिरीत उतरला. गाळ काढतोय. आज दुसरा दिवस. आईला अजून कळलेलं नाही, तिला वाटतं लग्नासाठी साफ करतोय.

तू लिहिलंस ते मी वाचलं, शेवटची ओळसुद्धा. मी तुझ्याकडे काही मागत नाही. येऊ नकोस म्हटलंस तरी चालेल. दोर चुलतभाऊ धरेल. आईला मी समजावेन.

मर्लिन

*

(पोस्टकार्ड)

वसई, १२ एप्रिल १९९९

ऑस्कर,

मर्लिनने सांगितलं. मी तुला दोन वर्षांपूर्वी जे माफ केलं होतं, ते परत घेतो. तुझ्याकडून माफ करण्यासारखं काही झालंच नव्हतं. मयताचंही मार्गारेट म्हणते, तार तुला नऊ दिवसांनी मिळाली. मला ते माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं.

तुझं ते बाभळीखालचं पत्र तिने जपून ठेवलंय. त्यातली माफी अजून चालू असेल तर कळव. बॅटच्या दांड्यासकट.

विहीर उपसतोय. एकट्याने होत नाही.

युजीन

*

मंगळवेढा
१९ एप्रिल १९९९

मर्लिन,

चार पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यात जास्त होत्या. तिसरं चांगलं जमलं होतं, पण त्यात "मी तुला माफ करतो" असं लिहिलं गेलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. चौथं दिनानाथच्या विडीला लागलं.

मला वैताग कशाचा आलाय सांगू? दादाला माफ करताना किती सोपं गेलं! बाभळीखाली बसलो, एक कागद, झालं, हलकं वाटलं. का हलकं वाटलं ते आता कळतंय. मला तो आवडतच नव्हता. न आवडणाऱ्या माणसाला माफ करायला काय लागतं, आपण मोठे दिसतो. तुझं तसं नाही. तू रात्रीचं जेवण झाकून ठेवायचीस माझ्यासाठी. घर सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत तू कागदात गुंडाळून सुकट टाकली होतीस, ती मी पुण्यापर्यंत रडत खाल्ली. आणि तेव्हाही तुला माहीत होतं! सुकट बांधताना माहीत होतं! हे मला गिळता येत नाही. दिवसभर ड्रिल चालू असतं, कानाला काही ऐकू येत नाही, आणि मला तेवढंच ऐकू येतं.

बाबांनी नाव काढलं हे आधी का नाही सांगितलंस? त्यासाठी तर खटक्याचं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं एवढं लिहिलं असतंस, बाबा विचारत होते, तर मी ही दोन वर्षं वेगळा माणूस असतो. खटक्यापेक्षा मला ह्याचा राग आहे. हे तुला कळू दे.

दिनानाथला म्हटलं, काय करू? तो म्हणतो, "मला पाण्याचं विचार, माणसांचं नको. पाण्याचंसुद्धा निम्मं चुकतं." मग म्हणाला, तुझ्या गावाकडे जायचंच असेल तर माझ्या घरी मनवेलपाड्याला एक पिशवी नेऊन दे. म्हणजे त्याने माझं जायचं ठरवूनच टाकलं. गाडीच्या मालकाकडे दहा दिवसांची सुट्टी मागितली, तो म्हणाला, तू असतोस तेव्हा तरी कुठे असतोस.

तर मी येतोय. बावीसला संध्याकाळपर्यंत पोचेन, वाटेत कुठे रमलो नाही तर. या खेपेला रमणार नाही. खाडीत बोट रुतली असली तरी बघणार नाही, भरती येईल आणि ती उठेल, तिला माझी गरज नाही.

माफ केलं असं मी लिहीत नाही. एकदा लिहून पुरेशी फजिती झाली आहे. दादा म्हणतो दर वर्षी पुन्हा करावं लागतं, टिकत नाही. त्याचं काहीही पटत नाही, पण हे पटलं. मला बहुतेक रोज करावं लागेल, आणि काही दिवस जमणार नाही. त्या दिवशी मी तुझ्याशी तुसडेपणाने बोलेन. बोलू दे. सेबॅस्टियनला सांगून ठेव, भाऊ असाच आहे.

दोन गोष्टी करायच्या. एक, तेवीसला सकाळी आपण तिघं बाबांच्या कबरीवर जाऊ आणि तू त्यांना सांगायचं. मनात नाही, तोंडाने. त्यांना ऐकू जातं की नाही मला माहीत नाही. मला ऐकायचंय. नंतर आईला सांगायचं, तेही तूच. मी मागे उभा राहीन. दादा कुठे उभा राहतो ते त्याचं तो बघेल, फोटो नसला म्हणजे झालं.

दुसरं, नळाचं पाणी विहिरीत सोडून वर काढायचं ते नाटक मला चालणार नाही. असेल तेच पाणी काढायचं. खारं तर खारं. प्यायचं नाहीये, अंघोळ करायची आहे. डोळे चुरचुरतील, चुरचुरू दे.

दादाला निरोप दे, बाभळीखालची माफी चालू आहे, केक सोडून. केकचं तुम्ही दोघं मिळून बघा. आणि विहिरीत एकटा उतरत जाऊ नको म्हणावं. वर कोणीतरी दोर धरायला लागतो, हे आमच्या गाडीवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तेवीस-चोवीसला मी आहे.

दोर नवा घे. जुना गाळ काढून कुजला असेल, बँड वाजत असताना तुटला तर आळी पुढची तीन वर्षं तेच बोलेल. सुताचा नको, काथ्याचा घे, हाताला लागतो पण सटकत नाही. आणि जरा लांब घे, दोघांच्या हातांना जागा पाहिजे.

तुझा,
ऑस्कर

ता. क. लग्नाला निघताना खटका मी स्वतः बघेन. तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही.